चोरीच्या कॅसेटमधल्या शिपायास

मु. पो. ओतूर,
ता. जुन्नर, जि. पुणे

मॅपी,


तू पोलीस आहेस, तेव्हा रीतीप्रमाणे तुला अहो-जाहो करायला हवं. पण ज्याला आम्ही रिमोटच्या बटणावर नाचवलं, मांजरांच्या तावडीत दिलं आणि वर ‘मेला रे मेला’ म्हणून हसलो, त्याला आता अहो म्हणायला जीभ वळत नाही. शिवाय ओतुरात तुझं नावही कुणाला धड ठाऊक नव्हतं. आमच्या आळीत तू ‘उंदराचा गेम’ होतास. टीव्हीवरच्या खेळांच्या कॅसेटच्या यादीत तुझं इंग्रजी नाव असायचं, पण त्या यादीत काय वाट्टेल ते लिहिलेलं असे, त्यामुळे तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. पत्र उघड्यावर लिहितोय, कारण विषय चोरीचा आहे. चोरीची भानगड बंद पाकिटातून आली की लोकांना आधी पाकिटाचाच संशय येतो.

ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांच्यासाठी तुझी गोष्ट सांगतो. मांजरांच्या टोळीनं चोरीचा माल एका सहा मजली हवेलीत नेऊन ठेवलाय. टोळीचा म्होरक्या गोरो नावाचा लठ्ठ लाल बोका. तू एकटाच आत शिरतोस आणि एकेक वस्तू उचलून आणतोस. कमरेला पिस्तूल नाही. वॉरंट नाही, पंच नाहीत, पंचनामा नाही. घरची मंडळी घरात असताना पोलीस आत घुसतो, सामान उचलतो, आणि घरची मंडळी त्याच्यामागे धावत सुटतात. आवाज बंद करून कुणालाही हा खेळ दाखवला तर तो शपथेवर सांगेल की चोर तूच. माझ्या आजीनं तर आवाज चालू असतानाही तेच सांगितलं होतं : ‘‘उंदीर मेला चोरी करतोय, आन् मांजरं बिचारी घर राखत्यात.’’

आजीनं एका वाक्यात तुझं मर्म पकडलं, असं मला आज वाटतं. घरफोडीच्या गोष्टी वाचताना, सिनेमे पाहताना आपण गुपचूप चोराच्या बाजूनं असतो आणि शेवटी त्याला पकडलं की उगाच हळहळतो. तुझ्या खेळात हळहळायची गरज पडत नाही. दबकत शिरायचं, दार उघडायचं, माल लांबवायचा, निसटायचं. घरफोडीची सगळी मजा घ्यायची आणि अंगावर मात्र पोलिसाचा निळा गणवेश! इतकी सोयीची नीतिमत्ता मी नंतर फक्त निवडणुकांच्या काळात पाहिली.

मालाची यादीही पाहण्यासारखी. रेडिओ-कॅसेट प्लेअरला १०० गुण, टीव्हीला २००, कॉम्प्युटरला ३००, मोनालिसाच्या चित्राला ४०० आणि तिजोरीला ५००. प्रत्येक वस्तू दोन-दोन. एकाच जातीच्या दोन वस्तू लागोपाठ उचलल्या तर गुण वाढत जातात, म्हणून लोभी खेळाडू समोरचा टीव्ही सोडून दुसऱ्या टोकाच्या रेडिओमागे पळतो आणि मरतो. यातल्या पहिल्या दोन वस्तू आमच्या घरात होत्या. कॉम्प्युटर ओतुरात होता तो एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. चौथी-पाचवी पायरी आमच्या आवाक्याबाहेरची. मोनालिसाला तर आम्ही ‘फोटोतली बाई’ म्हणत असू. पुढे वाचलं की खरी मोनालिसाही १९११ मध्ये पॅरिसच्या लूव्रमधून चोरीला गेली होती. चोर होता विन्चेन्झो पेरुजा, तिथेच पूर्वी काम केलेला माणूस, आणि चित्र सापडलं दोन वर्षांनी, इटलीत. पण मॅपी, गोरोच्या हवेलीत मोनालिसा दोन आहेत. म्हणजे एक नक्की डुप्लिकेट. कोणती, ते तू कधीच तपासलं नाहीस. दोन्हींचे सारखेच गुण घेतलेस. हा मुद्दा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

हवेलीला जिने नाहीत हे मला लहानपणी कधी खटकलं नाही. मजल्यांच्या मध्ये जाळ्या ताणलेल्या, त्यांच्यावर उड्या मारत वर-खाली जायचं. उडीत असताना मांजर शेजारून गेलं तरी तुला धरू शकत नाही. जमिनीला पाय लागला की वैर सुरू. पण पाय न टेकता एकाच जाळीवर उड्या मारत बसलास तर ती रंग बदलत लाल होते, मग फाटते, आणि तू खाली. म्हणजे सुरक्षित जागा आहे, पण तिथे मुक्काम करता येत नाही. दारंही हुशारीनं ठेवलेली. नेमक्या वेळी दार उघडलं तर मांजराच्या थोबाडावर बसतं. काही खास दारांतून लाटा सुटतात आणि मांजरांना झाडल्यासारखं घेऊन जातात. गोरो बोका मधूनच एखाद्या वस्तूमागे लपतो. नेमकी तीच वस्तू उचललीस तर १००० गुण. हा नियम ज्यानं लिहिला त्याला माणसाचा स्वभाव कळत होता. धोका जिथे दडलाय तिथेच सगळ्यांत मोठं बक्षीस ठेवलं, आणि वर तो धोका लठ्ठ, लाल आणि हास्यास्पद केला.

चोरीवर हसायला आम्हाला तुला घडवणाऱ्या जपान्यांनी शिकवलं नाही हेही सांगायला हवं. आमचा देवच लोणीचोर. दहीहंडी म्हणजे मनोरे रचून भर रस्त्यात केलेली घरफोडी. इथून जवळच्या नारायणगावात हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. त्या तमाशातली गवळण पाहिलीस तर तुला घरच्यासारखं वाटेल : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा बावळट साथीदार पेंद्या आणि सगळ्यांना पुरून उरणारी मावशी. लुटालूटच ती, पण कुणाचं नुकसान झालंय असं प्रेक्षकाला वाटत नाही. पावसाळ्याच्या दुपारी आम्ही राजा-मंत्री-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या टाकायचो. राजाला हजार, चोराला भोपळा. तरी सगळ्यांना हवी असायची चोराची चिठ्ठी, कारण खोटा चेहरा करायची संधी फक्त त्यालाच.

आता तुझ्या कुळाकडे येतो. नाम्को ही तुझी कंपनी. तिचे संस्थापक मासाया नाकामुरा यांनी १९५५ मध्ये सुरुवात केली ती योकोहामातल्या एका दुकानाच्या गच्चीवर मुलांसाठी दोन यांत्रिक घोडे बसवून. आमच्याकडे श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत पाळणेवाले येतात, त्याच जातीचा धंदा. पुढे १९८० मध्ये त्याच कंपनीतल्या तोरू इवातानींनी पॅकमॅन केला. तू तर आधी पडद्यावरचा उंदीरही नव्हतास. चक्रव्यूहातून वाट शोधणाऱ्या यंत्र-उंदरांच्या स्पर्धा जपानात भरत; त्यासाठी नाम्कोनं केलेल्या यंत्राचं नाव मॅपी. १९८३ मध्ये तू नाणं टाकून खेळायच्या पेटीत शिरलास, आणि १४ नोव्हेंबर १९८४ ला, म्हणजे आमच्या बालदिनी, घरच्या टीव्हीवर.

ज्या यंत्रानं तुला घरात आणलं ते निन्टेंडोचं फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ चं. ही कंपनी १८८९ मध्ये क्योटोत पत्ते छापण्यासाठी निघाली होती, म्हणजे बैठ्या खेळातूनच पुढे आली. यंत्राची रचना मासायुकी उएमुरा यांची. त्याची चालू कामाची मेमरी दोन किलोबाइट, आणि तू स्वतः, हवेली, मांजरं, गाणं, मोनालिसा सगळं धरून, चोवीस किलोबाइट. आज माझ्या फोनमध्ये दुधाच्या बिलाचा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो.

इथून पुढे तुझा आणि आमचा संबंध सुरू होतो, आणि तोही चोरीनंच. जपानी फॅमिकॉमला कुलूप नव्हतं. अमेरिकेत गेलेल्या त्याच्या भावाला निन्टेंडोनं कुलपाची चिप बसवली. जपानातल्या यंत्राला ती नव्हती, त्यामुळे घातलेली कॅसेट खरी की खोटी हे यंत्र विचारत नसे. तैवान आणि मग चीनमधल्या कारखान्यांनी यंत्राच्या नकला काढल्या. पुढे तर अख्खं फॅमिकॉम एका चिपमध्ये कोंबून वर काळ्या डांबरासारखा ठिपका थापला जाऊ लागला. भारतात ही यंत्रं ‘लिटल मास्टर’ आणि अशाच कितीतरी नावांनी विकली गेली. आमच्याकडच्या कॅसेटला ६० पिना असायच्या. अमेरिकी कॅसेटला ७२. म्हणजे आमचा माल जपानी वंशाचा, फक्त जन्मदाखला नसलेला.

आमचं यंत्र मुंबईतल्या एका बाजारातून आलं, वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर असलेल्या काकांच्या पिशवीतून, माळशेज घाट चढून. बिल अर्थातच नव्हतं. शेजारच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातल्या व्यापारी वाटेवर एक मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून घाट चढणाऱ्या मालाची जकात त्यात टाकत, असं इथले लोक सांगतात. दोन हजार वर्षांनी तोच डोंगर चढून तू आलास, आणि कुठल्याच रांजणात एक पैसा पडला नाही.

तुला बक्षीस म्हणून आणलेलं नव्हतं, हेही कबूल करतो. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलं. इतके खेळ असतील तर आयुष्य पुरणार नाही अशी आम्हाला धास्ती. प्रत्यक्षात मूठभर खेळ, तेच पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या टप्प्यापासून सुरू करून नाव बदललेले. मारिओ, काँट्रा यांच्यासाठी मुलं भांडत. तू यादीत होतास कारण तू लहान होतास. चोवीस किलोबाइटचा खेळ चिपमध्ये कुठल्याही सांदीत बसतो, म्हणून तुमच्या काळातले छोटे खेळ अशा कॅसेटींत भरताडीसारखे घातले जात. भरताडीतला माल कधीकधी मुख्य मालापेक्षा सरस निघतो. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, ती जरा तिरकी बसवायची, चॅनेल जुळवायचा, आणि तुझी रॅगटाइम धाटणीची चाल सुरू झाली की स्वयंपाकघरातूनही कुणीतरी ताल धरायचं.

आणि मग वीज जायची. महावितरणच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत गावाकडे भारनियमन कित्येक तासांचं असे. अंधार पडल्यावर बाहेर खेळायची सोय नव्हती, कारण उसात बिबट्या. जुन्नर भागातल्या मुलांना हे कारण पुरतं, आजही पुरतं. अशा संध्याकाळी आम्ही तुला पुठ्ठ्यावर उतरवलं.

साडीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर सहा मजले आखले. दारं म्हणजे काडेपेटीची कवचं, सरकवली की उघडली. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके, पांढरी बाजू वर पडेल तितकी घरं. एक जण तू, बाकीचे मांजरं. जाळीच्या चौकटीत असलेल्याला धरायचं नाही; पण तीन डाव तिथेच काढले तर चौथ्याला तळमजल्यावर. गोरोची चिठ्ठी मांजरांपैकी एकानं कुठल्याही वस्तूखाली गुपचूप सरकवायची. खरा खेळ त्या चिठ्ठीचाच. पडद्यावर यंत्राचा गोरो लपतो. पुठ्ठ्यावर समोर बसलेली चुलत बहीण लपवते, आणि तिचा चेहरा वाचता येतो की नाही यावर सगळं. माझं स्पष्ट मत आहे की पुठ्ठ्यावरचा मॅपी टीव्हीवरच्या मॅपीपेक्षा चांगला खेळ होता. तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

मालाची यादी आम्ही बदलली. रेडिओ आणि टीव्ही ठेवले. कॉम्प्युटरच्या जागी विहिरीवरची मोटर आली, मोनालिसाच्या जागी कांद्याची गोणी, तिजोरीच्या जागी गोदरेजचं कपाट. आमच्या भागात चोर येतो तो मोटर, केबल आणि स्टार्टरसाठी येतो. फोटोतल्या बाईला कुणी हात लावत नाही. ज्या चुलत्यांची मोटर खरोखर गेली होती आणि परत मिळाली नव्हती, ते बॅटरीच्या उजेडात आमचा डाव पाहत बसले आणि म्हणाले, मोटरीला पाचशे तरी ठेवा. ठेवले. आणि गोरो बोक्याच्या जागी कोण आलं हे सांगायला नको. बिबट्या. खऱ्या बिबट्यानं या तालुक्यात माणसं मारली आहेत, माणिकडोहच्या निवारा केंद्रात त्याच्या जातीचे कैदेत म्हातारे होतात, आणि आम्ही त्याला कपाटामागे लपवून हसत होतो. मुलं भीतीचं काय करतात हे मोठ्यांनी ठरवू नये.

आता मूळ तक्रार, मॅपी. तू चोरलेला माल परत आणणारा शिपाई, आणि तू स्वतः आमच्याकडे आलास चोरलेला माल म्हणून. गोरोच्या हवेलीतल्या दोन मोनालिसांपैकी आमची दुसरी होती. याची मला लाज वाटत नाही. खरी कॅसेट ओतुरात कुणी विकली नसती, आणि विकली असती तरी आमच्या घरात ती कुणी घेतली नसती. नकलेनं कुणाचं किती नुकसान केलं याचा हिशेब कंपन्यांनी करावा. आमच्या बाजूच्या वहीत फक्त जमा आहे.

पण एक गोष्ट मला माफ करता येत नाही. अशा कॅसेटींत पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि साल बऱ्याचदा खरवडून काढलेलं असे. हवेली तशीच, मांजरं तशीच, गाणं तसंच. फक्त कुणी केलं ते पुसलेलं. माल उचलणं एक, आणि मालावरचं नाव घासून टाकणं वेगळं. भांड्यावर नाव कोरून घेणाऱ्या आमच्या आयाबायांना हा फरक चांगला कळतो.

याचं सगळं खापर नकलाकारांवर फोडता येत नाही. त्या काळात खेळ करणाऱ्यांची नावं कंपन्याच छापत नसत. जपानी खेळांत तर टोपणनावं घालायची रीत होती, माणूस दुसऱ्या कंपनीनं पळवू नये म्हणून. अमेरिकेत नाव मिळत नाही याही कारणानं १९७९ मध्ये अटारीतून काही जण बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. अटारीतल्याच वॉरन रॉबिनेटनं आपल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक छुपी खोली करून तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावचीच आठवण झाली. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतुरात आहे असं परंपरा मानते. तुकोबांनी आपलं नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात ओवून टाकलं. अभंग म्हणायचा तर नाव घ्यावंच लागतं. ती सोय इतकी पक्की की पुढे लोकांनी उलटी चोरी केली, स्वतःचे अभंग रचून त्यांना तुकोबांचं नाव लावलं. तुझ्या कर्त्यांना असा चरण मिळाला नाही. तुझ्या ज्या चालीवर आमच्या स्वयंपाकघरात ताल धरला जाई, ती नोबुयुकी ओनोगी यांची. हे मला कळलं तेव्हा माझं यंत्र कधीच बंद पडलेलं होतं.

आता तुझ्याकडून काही नको. उरलेलं पत्र ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचरकडच्या त्या मुलामुलींसाठी आहे जी इंजिनीअरिंगला किंवा बीसीएसला आहेत. फॅमिकॉमसाठी नवे खेळ आजही जगभर लोक घरी बसून करतात. २०१९ मध्ये ‘मायक्रो मेजेस’ नावाचा चार जणांनी मिळून खेळायचा खेळ निघाला, अख्खा चाळीस किलोबाइटचा. असे खेळ करायला लागणारी सीसी६५ सारखी साधनं फुकट मिळतात, यंत्राची सगळी माहिती खुली आहे, आणि तपासायला जुनं यंत्र नसलं तरी कॉम्प्युटरवर त्याचं सोंग चालतं. आमचा पुठ्ठ्यावरचा डाव तुम्ही करा. चार रिमोट, सहा मजले, मोटरीला पाचशे, उसाचा एक मजला आणि त्यात बिबट्या. आजीचं वाक्य वाटलं तर सुरुवातीला घाला. तिची परवानगी मी देतो. नियम आमचे बिनदिक्कत उचला, आम्हीही उचललेच होते. फक्त पहिल्या पडद्यावर खालच्या ओळीत, ज्यानं चित्रं काढली, ज्यानं चाल बांधली आणि ज्यानं नियम लिहिले, त्या प्रत्येकाचं पूर्ण नाव घाला, गावासकट.

तुझा,
ओतूरचा एक जुना खेळगडी